वीतभर लांब सायकल

आमच्या बोळात ती सायकल वळत नसे. उस्मानपुऱ्यात आम्ही ज्या दोन खोल्यांत राहत होतो, त्यांच्याकडे येणारा बोळ शेवटी काटकोनात मोडत असे. साधी सायकल पुढचं चाक तिरपं करून तिथून निघून जाई. भाऊची सायकल अडे. मग तो ती बोळाच्या तोंडापर्यंत मागे नेई, उलटी करी, आणि मागचं चाक पुढे धरून ढकलत आत आणी. संध्याकाळी साखळीची ती उलटी कटकट ऐकू आली की भाऊ दौऱ्यावरून आला हे आम्हाला कळे. वहिनी चुलीवर पाणी ठेवायची आणि म्हणायची, "भाऊजी, ही सायकल हाय का सवत? ती आत आली की मला बाहेर जावं लागतं."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. निजामाच्या सरकारात तो देवी काढायला जात असे. गावोगाव फिरायचं, मुलांच्या दंडावर लस टोचायची, रजिस्टरात नावं भरायची, आठ दिवसांनी पुन्हा जाऊन फोड आला का ते पाहायचं, हे त्याचं काम. खेड्यांत त्याला देवी डॉक्टर म्हणत. त्याला ते आवडत नसे आणि आवडतही असे.

सायकल दफ्तराने, म्हणजे त्याच्या कचेरीने, दिलेली होती. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी असे, आतून पत्रा मारलेली. तिच्यात लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असत. भाऊ उंच, त्याचे पाय मोठे. पायडल मारताना टाच दर फेऱ्याला पेटीच्या कोपऱ्यावर आपटे. दौरा संपवून आला की त्याच्या दोन्ही टाचा सोललेल्या असत. वहिनी हळद लावायची, तो चिंध्या बांधायचा, आणि पुन्हा निघायचा. शेवटी एक दिवस तो मला घेऊन उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीकडे गेला. मी पुस्तक घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलो, पण लक्ष बोलण्याकडे होतं.

मिस्त्री म्हातारे होते. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी पेटी पाहिली, टाचा पाहिल्या, आणि म्हणाले, "पेटी छोटी कर लेव."

"पेटी सरकारी आहे चाचा."

"पाँव छोटे कर लेव फिर."

भाऊ हसला. मग चाचांनी सायकल भिंतीला लावली आणि सांगाड्याच्या मागच्या दोन नळ्यांवर वीत मोजली. "यहाँ से काट के इत्ता टुकडा डालता मैं. पितल का टाका. चेन भी दीड लगती. फिर पेटी पिच्छे जाती, पाँव कू कुछ नै होता. पन सुन लेव. सीधे रस्ते पे ऐसी चलती जैसे पानी पे नाव. गड्डा आया तो पता नै चलता. पिच्छे वजन रखो, आदमी बिठाव, मुंडी नै उठाती. मगर मोड पे जिद करती. चढाव पे रोती. और नाला आया तो उठाने कू दो आदमी लगते."

"मोड कुठं आहेत चाचा आपल्या रस्त्याला?" भाऊ म्हणाला. "वाळूजपर्यंत पोळपाटासारखं सगळं. पुढं गंगापूरलाही तसंच."

"तुमारी मर्जी. मैं बोला, तुम सुने. वो मास्टर भी सुने." चाचांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. मी ऐकलं होतं.

चार दिवसांनी सायकल आली. लांबट, थोडी वाकलेल्या पाठीची. पुढचं चाक धरणारा चिमटाही चाचांनी जरासा बाहेर काढला होता. भाऊ तिच्यावर बसून खडकेश्वरापर्यंत गेला आणि आला तेव्हा त्याचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा होता. "बस मागं," म्हणाला. मी पेटीच्या जागी बसलो. रस्ता तोच होता, खड्डे तेच होते, पण अंगाला कळत नव्हते. वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर त्याने हँडल सोडून दिलं आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. सायकल आपली आपण सरळ चालली होती. मी घाबरून त्याची कंबर धरली. "पुस्तकात असलं काही असतं का रे मास्तर?" त्याने विचारलं.

मी त्या वर्षी नुकताच शाळेत लागलो होतो. खालच्या वर्गांना उर्दू शिकवायचो. आमच्या घरात तेवढं शिकलेला मी एकटाच. भाऊ मराठी चौथीपर्यंत गेला होता आणि सही मोडीत करी. रजिस्टरात नावं आणि आकडे भरण्यापुरती उर्दू त्याने कमावली होती. दफ्तरी मजकूर त्याला वाचून कळत नसे, किंवा कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या तपासणीत कुणीतरी त्याची सायकल पाहिली. सरकारी वस्तूत विनापरवाना फेरफार केल्याबद्दल आठ दिवसांत खुलासा द्या, असा कागद आला. भाऊ पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. "मास्तर, तूच लिही," तो म्हणाला. "पुन्हा कापायला लावतील. टाचा गेल्या तर चालेल, नोकरी नको जायला."

मी दोन संध्याकाळी बसून तो खुलासा लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिणं कुणाच्या तरी कामाचं होतं. मी चांगला कागद आणला, बोरू नव्याने तासला. लांब सायकलीचे गुण एकामागून एक मांडले. लस हिंदकळत नाही, नळ्या फुटत नाहीत, स्वार थकत नाही, खराब रस्त्यावर वेग कमी होत नाही, वजन दोन चाकांमध्ये बसल्याने पुढचं चाक वर उठत नाही. एकही खोटं नव्हतं. चाचांनी सांगितलेले अवगुण मी लिहिले नाहीत. खुलाशात ते कशाला लिहायचे?

मग शेवट करायचा होता. अर्जाचा शेवट नम्रतेने आणि थोड्या अलंकाराने करायचा, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी लिहिलं की या सायकलीमुळे ज्या दौऱ्याला महिना पुरत नसे तो आता वीस दिवसांत आटोपतो, आणि उरलेले दिवसही सरकारी सेवेत वेचावेत यासाठी हा सेवक आतुर आहे. वीस दिवस हा आकडा मी कुठून आणला ते आठवत नाही. मी भाऊला विचारला नव्हता. वाक्याच्या तोलात तो बरा बसला.

लिहून झाल्यावर मी भाऊला मराठीत वाचून दाखवू लागलो. तो जमिनीवर बसून ऐकत होता, मधेमधे "वा" म्हणत होता. शेवटचं वाक्य आलं तेव्हा मला ते मराठीत म्हणता येईना. उर्दूत जे शोभत होतं ते आमच्या खोलीत, चुलीपाशी, फुशारकीसारखं वाटलं. मी ते गाळलं. "आणि खाली आपला सेवक, एवढंच," म्हणालो. त्याने मोडीत सही केली.

पंधरा दिवसांनी मीच दफ्तरात गेलो. तिथल्या अहलकारांनी, म्हणजे कारकुनांनी, मला खुर्ची दिली. "मुबारक हो मास्टर. मंजूर हो गया. साहब दो बार पढे. बोले, इबारत इसकू बोलते." माझ्या भाषेची ही तारीफ ऐकून माझे कान गरम झाले. अजून आठवतं, त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. हुकूम हातात घेऊन मी जिना उतरलो आणि खाली लिंबाखाली उभा राहून वाचला. सायकल आहे तशी वापरण्यास मंजुरी होती. पुढे लिहिलं होतं की अर्जदाराने स्वतःच कळवल्याप्रमाणे त्याचे दहा दिवस मोकळे राहत असल्याने आणि तो कामास उत्सुक असल्याने, चौक्याच्या घाटापलीकडची गावं, थेट अजिंठ्यापर्यंत, त्याच्याकडे देण्यात येत आहेत.

मी वर जायला हवं होतं. मी घरी गेलो.

"सायकल मंजूर झाली," मी भाऊला सांगितलं. त्याने माझ्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की वहिनी म्हणाली, "मोडाल त्याला." मग मी म्हणालो, "आणि घाटापलीकडची गावंही तुझ्याकडे दिली आहेत. अजिंठ्यापर्यंत."

"का बरं?"

"दफ्तराची मर्जी."

त्याने हुकमाचा कागद माझ्या हातून घेऊन पेटीत ठेवला. मग म्हणाला, "बरं. तिकडची पोरं पण पोरंच हायत."

हर्सूलपर्यंत रस्ता बरा होता. त्यापुढे चाचा म्हणाले होते ते सगळं एकेक करून खरं झालं. चौक्याच्या चढावर सायकल रडायची. लांब चेन ताणली की सैल पडे आणि नेमकी चढावर उतरे. घाटाच्या वळणावर भाऊ उतरून तिला फिरवी, जशी आमच्या बोळात फिरवी. पलीकडच्या पायवाटांवर ओढे होते. पेटी सोडून डोक्यावर न्यायची, परत येऊन सायकल न्यायची, पुन्हा पेटी बांधायची. सिल्लोडच्या मोटारीच्या टपावर सायकल ठेवू का म्हणून त्याने एकदा विचारलं, तर ती दोन्हीकडून बाहेर आली. ड्रायव्हर म्हणाला, "इसकू उतारो, नै तो इसके उपर मोटार चढाव." भाऊने ही गोष्ट घरी येऊन हसत सांगितली. वहिनी हसली नाही.

सगळ्यात वाईट होती ती लस. ओल्या फडक्यातही ती फार दिवस टिकत नाही. घाटात जेवढा वेळ जाई तेवढा तिच्या आयुष्यातून जाई. म्हणून भाऊ मुक्काम टाळू लागला, जेवण टाळू लागला. टाचा त्याच्या आता छान होत्या. बाकीचा माणूस वाळत चालला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. घाटात मी मागून ढकलत होतो, तो पुढून ओढत होता. एका वळणावर आम्ही दम खायला बसलो. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "या घाटात ही सायकल देणाऱ्याला एकदा ढकलायला लावलं पायजे."

मी म्हणालो, "मीच ढकलतोय."

तो हसला. "तू कशाला? तू तर वाचवलंस." मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालून एक बैलगाडी आली, गाडीवानाने भाऊला ओळखलं, रामराम झाला, आपल्या नातवाच्या दंडावरचा फोड सुकला का पाहा म्हणून तो मागे लागला. मी तोंड मिटलं. त्या गाडीवर मी बरीच वर्षं राग धरून होतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

दिवाळीनंतर भाऊ चाचांकडे गेला. सायकल होती तशी आखूड करून द्या म्हणाला. मीही होतो. चाचांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "अब कैसा काटूं? कागद पे लंबी मंजूर हुई. काटा तो फिर जवाब तुमारे से च मांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टर, तुम लिखो ना. पहले अच्छाई लिखे, अब बुराई लिखो. तुमारे कू क्या, कलम च तो चलाना."

मी लिहिलं. या वेळी एका संध्याकाळीच लिहून झालं. वळत नाही, चढत नाही, उचलवत नाही, चेन उतरते, मोटारीवर मावत नाही, ओढ्यात दोन फेऱ्या होतात, लस वाया जाते. हेही सगळं खरं होतं. शेवटी अलंकार घातला नाही. भाऊला पूर्ण वाचून दाखवलं, एक शब्दही गाळला नाही.

अहलकारांनी तो कागद वाचला, उठले, कपाटातून जुन्या कागदांची मिसल काढली आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. अक्षर माझंच, सही भाऊचीच.

"मास्टर, ये भी तुमीच लिखे, वो भी तुमीच लिखे. कौनसा सच समजूं?"

"दोन्ही खरे आहेत," मी म्हणालो. "तो रस्ता वेगळा होता, हा रस्ता वेगळा आहे."

"दफ्तर में दो सच नै चलते, भाई." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "ये दाखिल किया तो साहब पहला निकालते. उसमें बीस दिन लिखा है. पूछते, झूठ कैको लिखे? फिर सायकल जाती, नोकरी भी जाती. बोलो, डालूं?"

मी टेबलावर वाकून दोन्ही कागद पुन्हा पाहिले. पहिला कागद खरोखर सुंदर लिहिला होता. दुसरा मी उचलला, घडी केली आणि खिशात घातला.

"काय झालं?" भाऊने विचारलं.

"बघू म्हणाले."

त्या थंडीत त्याच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीहून तो ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आला. दुपारची वेळ होती. बोळात साखळीची कटकट नेहमीसारखी उलटी आली नाही. सायकल सरळ आली आणि वळणावर भिंतीला धडकून थांबली. मी बाहेर गेलो तर तो हँडलवर छाती टाकून उभा होता. अंग तव्यासारखं तापलेलं. अजिंठ्याच्या बाजूलाच हिवताप भरला होता. वहिनीने आणि मी त्याला आत घेतलं. सायकल तशीच बोळात आडवी राहिली. शेजारी तिच्यावरून पाय टाकून जात होते.

डॉक्टर आले, औषध दिलं. एक दिवस ताप उतरला की दुसऱ्या दिवशी दुप्पट चढे. मधल्या एका बऱ्या सकाळी त्याने मला जवळ बोलावलं. वहिनी पाणी आणायला गेली होती.

"घाट कसा उतरलो माहीत हाय?" तो म्हणाला. "डोळे मिटलेले होते. हात नुसते ठेवलेले. सरळ आणलं तिनं. वळणावर तेवढं कुणीतरी धरलं, मग पुन्हा सरळ. दुसरी सायकल असती तर दरीत गेलो असतो."

मी त्याचा हात धरून बसलो होतो.

"हा गुण लिहिला होतास का रे तू?"

"नाही," मी म्हणालो.

"लिहायला पायजे होता. बाकीचं तर समदं लिहिलंस."

त्याने डोळे मिटले. त्याच्या तोंडावर हसू होतं की थकवा होता, मला सांगता येत नाही. 'समदं' म्हणजे काय हे मी तेव्हा विचारू शकलो असतो. त्याला ते शेवटचं वाक्य ठाऊक होतं का? रजिस्टरापुरती उर्दू येणाऱ्या माणसाला 'बीस दिन' वाचता येणार नाही का? आणि दहा दिवस मोकळे असं लिहिलेला हुकमाचा कागद तर कितीतरी महिने त्याच्या पेटीतच होता. मी म्हटलं, जरा ताकद येऊ दे, मग सांगू. नवव्या दिवशी तो गेला.

दिवस झाल्यावर दफ्तरातून निरोप आला की पेटी, रजिस्टर आणि सायकल जमा करावी. पेटी आणि रजिस्टर मी त्याच दिवशी दिली. सायकलीवर वहिनीने हात ठेवला.

"भाऊजी, एवढी ठेवून घ्यायला सांगा ना. तुम्ही लिहिलं की दफ्तर ऐकतं. ते नेहमी म्हणायचे, मास्तरच्या हातात गुण हाय."

मी कागद घेऊन बसलो. तिच्यासमोरच बसलो, म्हणजे उठता येऊ नये. काय लिहायचं? चांगली आहे म्हणून लिहावं, तर ते म्हणतील मग नव्या माणसाला द्या. वाईट आहे म्हणून लिहावं, तर ते म्हणतील मग तुम्हाला कशाला हवी, आणि मिसल काढून दोन कागद शेजारी ठेवतील. भावाची होती म्हणून हवी, असं लिहिण्याची रीत मला कुणी शिकवली नव्हती. दिवा लावायची वेळ झाली तरी कागद कोरा होता. वहिनीने पाहिलं. तिला वाटलं मी रडतोय म्हणून लिहिता येत नाही. "राहू द्या," ती म्हणाली, आणि फडकं घेऊन सायकल पुसू लागली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तिला दोनदा जागा बदलून बसावं लागलं.

सकाळी मी ती बोळातून उलटी बाहेर काढली. त्याच्यासारखी मला जमली नाही. भिंतीचा रंग निघाला.

दफ्तरात अहलकारांनी जमापावती पुढे केली. वस्तूचं नाव, स्थिती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. "कुछ लिखना?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. सही केली. बाहेर व्हरांड्यात एक तरुण माणूस उभा होता, बीडकडचा. भाऊच्या जागी आलेला. त्याला आजच हुकूम मिळाला होता: वाळूज, गंगापूर आणि घाटापलीकडची गावं अजिंठ्यापर्यंत. मिसलीत जसं होतं तसं. एवढं सगळं एका सायकलीवर होऊ शकतं हे तर कागदावर सिद्धच झालेलं होतं.

त्याने सायकलीभोवती एक चक्कर मारली. "बाप रे. केवढी ही. चालती का नीट?"

"सरळ रस्त्याला फार छान चालते," मी म्हणालो. मग मी त्याला सगळं सांगितलं. चढावर चेन पाहून घ्या. वळणावर बसून राहू नका, उतरून फिरवा. ओढ्यात आधी पेटी न्या. मोटारवाल्याला विचारू नका. ताप अंगात असेल तर निघूच नका. मी एवढं कधी कुणाशी बोललो नव्हतो. तो मान हलवत ऐकत होता, पण त्याचे डोळे सायकलीवर होते. नवी वस्तू मिळालेल्या माणसाचे असतात तसे.

"मग मास्तर, घाटासाठी एवढी अडचणीची हाय," तो म्हणाला, "तर ही घाटाला दिली कुणी?"

अहलकार आतून माझ्याकडे पाहत होते. मी पेटी कॅरिअरवर ठेवून त्या माणसाला तिचा पट्टा कसा आवळायचा ते दाखवलं. तो सायकलीवर बसला तेव्हा त्याची टाच पेटीला लागत नाही ना, ते वाकून पाहिलं. लागत नव्हती.